आवक क्रमांक एकशे सतरा

भागिरथाबाईंच्या टेबलावर एक निळं आणि एक काळं असे दोन पेन शेजारी-शेजारी दिसायला लागले, की कॉलेजात समजून घ्यायचं, तपासणीची समिती येणार आहे. वर्षभराचं रजिस्टर एका बैठकीत भरायचं तर एका शाईत भरून चालत नाही. चार नोंदी निळ्या, दोन काळ्या, मध्येच एक घाईत लिहिल्यासारखी तिरपी. एखाद्या पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ. ते वर्तुळ भागिरथाबाई मुद्दाम उठवत. त्याने पान खरं वाटतं.

मंगरूळपीरच्या उकंडराव महाविद्यालयात त्या तेवीस वर्षं आवक-जावक सांभाळत होत्या. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, तारीख घालायची, क्रमांक द्यायचा, रजिस्टरात उतरवायचा. दोन लेकरं झाल्यावर बाहेरून बारावी केलेली बाई. पण कागदाचा स्वभाव त्यांना प्राचार्यांपेक्षा जास्त कळे. तीन वर्षांपूर्वी वरून आदेश आला, की कॉलेजात 'समान संधी केंद्र' हवं. दिव्यांग असो, मागासवर्गीय असो, अल्पसंख्याक असो, कोणत्याही लेकराला इथे परकं वाटायला नको. आदेशाला आवक क्रमांक भागिरथाबाईंनी दिला आणि पंधरा दिवसांनी केंद्रही त्यांनाच मिळालं. इतिहासाचे शेषराव सर समन्वयक झाले, कारण त्या मीटिंगला ते उशिरा पोचले होते.

केंद्राला खोली मिळाली ती नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाची. चव्वेचाळीस पायऱ्या. भागिरथाबाईंचे गुडघे त्या रोज मोजत. म्हणून बहुतेक वेळ त्या खालीच आवक-जावकच्या खिडकीत बसत आणि वरच्या दाराला एक पाटी अडकवून ठेवत: 'खाली गेले आहे. लवकरच येत आहे.'

तर यंदा समिती शनिवारी येणार होती, आणि त्याआधीच्या मंगळवारी धम्मदीपा कॉलेजात येत नाही, हे प्राचार्यांच्या लक्षात आलं.

धम्मदीपा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. शेलूबाजारपासून चार किलोमीटर आतल्या गावची. उजवं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. लहानपणी दोनदा ऑपरेशन झालं, तरी पूर्ण सरळ झालं नाही. काठी घेऊन चालायची, पण चालायची झपझप. शेलूबाजारला जीपमधून उतरून एसटी पकडायची आणि स्टँडवरून कॉलेजपर्यंत पायी. तिचे वर्ग जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. भागिरथाबाईंच्या खिडकीवरून जाताना काठीने कठड्यावर एक टक् वाजवायची. तोच नमस्कार.

आता दहा दिवस ती टक् ऐकू आली नव्हती. का आली नव्हती, हे प्राचार्यांना माहीत नसेल, भागिरथाबाईंना होतं.

झालं होतं असं. डिसेंबरात नव्या इमारतीच्या दारात रॅम्प बांधला. रॅम्प झाला म्हणजे त्याचा फोटो हवा, आणि फोटो नुसता चालत नाही. कोपऱ्यात तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश उमटलेला हवा. नुसत्या रॅम्पचा फोटो शेषराव सरांनी काढला. प्राचार्य म्हणाले, "यात लाभार्थी कुठे आहे?" लाभार्थी म्हणजे धम्मदीपा. ती रॅम्पवरून काठी टेकत चढली, तो फोटोही काढला. प्राचार्य म्हणाले, "यात दिव्यांग कळून येत नाही." मग शेषराव सरांनी ओळखीतून एक चाकाची खुर्ची आणली, तासाभरासाठी. पोरगी बसेना.

"मी चालतो ना सर. खुर्ची कायले?"

सरांनी भागिरथाबाईंकडे पाहिलं. तेव्हा भागिरथाबाई पुढे झाल्या होत्या. तिच्या खांद्यावर हात ठेवून, लाडाने म्हणाल्या होत्या, "बस वं माय एक मिनिट. फोटोच त हाये. फायलीत राह्यते, कोन पाह्यते?"

ती बसली. फोटो छान आला. इतका छान, की प्राचार्यांनी तो फायलीत न ठेवता बारा फुटांचा फ्लेक्स करून गेटवर लावला. 'समान संधी, आमची बांधिलकी'. खाली खुर्चीत धम्मदीपा.

सोमवारपासून अंतर्गत परीक्षा होती. ती हुकली तर शेवटचं वर्ष गेलं. भागिरथाबाईंना घोर लागला होता तो सोमवारचा. प्राचार्यांना शनिवारचा.

"समिती विद्यार्थ्यांना भेटते," ते म्हणाले. "फ्लेक्सवरची मुलगी कुठे आहे, विचारलं तर? तुम्ही जा, घेऊन या. आणि हो, ते केंद्राचं भेट रजिस्टर सोबत न्या. तिच्या नावापुढे सह्या तुमच्याच हातच्या दिसतात. तिच्याकडून करून घ्या."

भागिरथाबाईंनी मान हलवली. पर्समध्ये पाण्याची बाटली, चष्मा, आवकचा शिक्का आणि पॅड होतं. शिक्का त्या कधी टेबलावर ठेवत नसत. एकदा ठेवला होता, तर कोणीतरी रजेच्या अर्जावर मागची तारीख मारून घेतली होती. पिशवीत रजिस्टर टाकलं आणि बुधवारी अकराच्या गाडीने त्या निघाल्या.

शेलूबाजारला उतरून जीप. जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईने तोंड ओळखून विचारलं, "कॉलेजच्या मॅडम ना तुमी? त्या संघपालच्या पोरीचा पाय पुरा गेला म्हन्तात. खुर्चीवर आली बिचारी."

"कोन सांगतलं?"

"आता फोटोच लागला तिथी एवढा मोठा. आमच्या हरीओमनं मोबाईलवर दाखवला. पुऱ्या गावात फिरला तो."

भागिरथाबाई पुढचे तीन किलोमीटर बाहेरच्या हरभऱ्याकडे बघत राहिल्या.

घर बुद्धविहाराच्या मागे होतं. अंगणात ताडपत्रीवर तूर बडवणं चाललं होतं. धम्मदीपाची आई गोमतीबाई मोगरीने शेंगा बडवत होती आणि धम्मदीपा खाली बसून काड्या निवडत होती. वडील संघपाल पुण्याला कंपनीत वॉचमन. दिवाळीला नि चौदा एप्रिलला येत. भागिरथाबाईंना बघून गोमतीबाईने हातातली मोगरी खाली ठेवली. धम्मदीपाने काड्या खाली ठेवल्या नाहीत.

"या मॅडम. बसा." खुर्ची आली. भागिरथाबाई त्या खुर्चीवर बसल्या आणि उगाचच अवघडल्या.

"चाय मांडतो," गोमतीबाई म्हणाली. मग दारातून मागे वळून, "चालते ना आमच्या घरची?"

भागिरथाबाईंना वाटलं, हसण्यावारी न्यावं. "काहून नाई चालनार? समान संधीची मॅडम हावो मी. नाई पेली त नोकरी जाईन माह्यी."

गोमतीबाई हसली नाही. धम्मदीपा काड्या निवडतानाच म्हणाली, "नोकरीसाठी पेता का मंग?"

 चहा आला तेव्हा भागिरथाबाईंनी तो नीट, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप खाली ठेवताना म्हणाल्या, "चांगली झाली." एवढंच सुचलं.

"पोरी, सोमवारी पेपर हाये तुहा."

"माहीत हाये."

"मंग?"

"मी नाई येत. बाबाले सांगतलं. पुण्याले जातो, तिथी शिलाईचा क्लास लावतो."

"दोन महिने राह्यले शेवटच्या वर्षाचे! डोकं फिरलं का तुहं?"

"माह्यं नाई फिरलं," ती म्हणाली. "लोकाईचं फिरलं. परवा सोजरबाई आली, शेजारची. माह्या पायाले हात लावून पाह्यलं तिनं. म्हने, अजून हलते का? आयले म्हने, आता पोरीचं कसं होईन? मी एवढुशी होती तवापासून चालून राह्यली मॅडम. या गावात मले कोनी बिचारी म्हनत नव्हतं. तुमी एका मिनिटात करून टाकलं."

गोमतीबाईने पदराने कपाळ पुसलं. "जाऊ दे वं. मॅडम एवढ्या लांबून आल्या."

"मंग कायले आल्या ते त इचार."

भागिरथाबाईंनी पिशवीतून रजिस्टर काढलं. खरं तर काढायचं नव्हतं. जीपमधून उतरतानाच ठरवलं होतं की नाही काढायचं. पण तेवीस वर्षांची सवय. साहेबाने सांगितलेलं काम हात आपोआप करायला लागतात. "सरांनी सांगतलं, सह्या पायजेत तुह्या. चार-पाच ठिकानी."

धम्मदीपाने हात झटकले, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि वाचू लागली. आधी मनात, मग मोठ्याने. वर्गात वाचतात तसं, थांबत, नीट.

"अकरा ऑगस्ट. धम्मदीपा संघपाल, बी.ए. भाग तीन. समुपदेशन घेतले. शेरा: समाधान झाले." पान उलटलं. "दोन सप्टेंबर. धम्मदीपा संघपाल. परीक्षेविषयी अडचण मांडली. शेरा: समाधान झाले. एकोनीस सप्टेंबर..." तिने बोटाने मोजलं. "अकरा वेळा आलती मी, मॅडम?"

भागिरथाबाईंनी रिकामा कप जरा बाजूला सरकवला.

"आन अकराच्या अकरा खेपा समाधान झालं माह्यं!" ती हसली. खरंच हसू आलं होतं तिला. गोमतीबाईलाही कळेना, हसावं की काय करावं. "आई, आयकून राह्यली का? तुही पोरगी लय समाधानी हाये." मग तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "परीक्षेविषयी काय अडचन मांडली वं मी? सांगा ना. मलेबी कळू द्या."

"तसं लिहा लागते, पोरी. सगळेच..."

"मी एकडाव आलती." धम्मदीपाने रजिस्टर मिटलं. "खरी. फस्ट इयरले. बोटं आखडतात माही, लिहाले येळ लागते. परीक्षेत ज्यादा येळ मिळते म्हने डॉक्टरचा कागद देल्यावर, ते इचाराले. चव्वेचाळीस पायऱ्या चढली. मले चढता येतात, तसं काही नाई, पन अर्धा घंटा लागला. वर पाह्यतो त कुलूप. पाटी होती. लवकरच येत हाये म्हने. मी पायरीवर बसून राह्यली. दोन तास गेले, मंग उतरली." तिने मिटलेल्या रजिस्टरवर बोट आपटलं. "ते नाई यात. ते लिहाले पायजे होतं तुमी."

अंगणात एक कोंबडी तुरीकडे येत होती. गोमतीबाईने तिला हाकललं नाही.

भागिरथाबाई त्या दिवशी कुठे होत्या, हे त्यांना चांगलं माहीत होतं. खालीच. खिडकीत. पायऱ्या खिडकीपासून पंधरा पावलांवर. पोरगी वर जाताना दिसली कशी नाही, हे आठवेना. त्या टक् टक् वाजणाऱ्या काठीचा आवाज तेव्हा ओळखीचा झाला नव्हता, एवढंच. आणि आपल्या गुडघ्यांसाठी त्या पायऱ्या टाळतात, पण केंद्रात यायचं आहे त्यांच्या पायांचं काय, हे तीन वर्षांत एकदाही मनात आलं नाही. रॅम्प आला तरी नाही. रॅम्प संपतो तिथे जिना सुरू होतो, आणि रॅम्पच्या अगदी समोर तळमजल्यावर अतिथी कक्ष आहे. सोफ्यावर प्लास्टिक तसंच ठेवलेला, वर्षात चार दिवस उघडणारा.

त्यांनी चष्मा लावला. रजिस्टर मागितलं आणि पर्समधून लाल पेन काढलं. सरकारी कागदाचा एक नियम असतो, पान फाडायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला छोटी सही. त्यांनी अकरा नोंदींवर अकरा रेघा मारल्या. प्रत्येकीपुढे लिहिलं, 'नोंद चुकीची. भेट झाली नाही.' आणि सही. 

"मॅडम, तुमची नोकरी?" धम्मदीपा म्हणाली.

"चाय पेली ना मी. राह्यते मंग नोकरी."

या वेळी गोमतीबाई हसली.

"आता कागद घे," भागिरथाबाई म्हणाल्या. "एक वहीचं पान. जे बोलली ते लिही. जास्त नाई, कमी नाई. प्रति, समन्वयक, समान संधी केंद्र."

"त्यानं काय होते?"

"तू आन मी नुसत्या बोललो तर काही होत नाई. फोन केला तरी काही होत नाई. पन कागदावर एकदा आवक नंबर पडला, की तो कागद मरत नाई, पोरी. त्याले जवाब द्या लागते. आज नाई त दहा वर्षांनी कोनी इचारते, याचं काय केलं? आन शनिवारी आमच्याकडे इचारनारेच येऊन राह्यले."

धम्मदीपाने पाऊण तास लावून लिहिलं. आखडलेल्या बोटांनी, मोठ्या मोठ्या अक्षरांत. तीन मागण्या. फ्लेक्स काढा. केंद्र खाली आणा. परीक्षेत जादा वेळ द्या. भागिरथाबाईंनी वाचलं, एकही शब्द बदलला नाही. पॅड उघडलं, तुरीच्या ताडपत्रीशेजारी गुडघ्यावर कागद ठेवला आणि शिक्का मारला. कॉलेजच्या हद्दीबाहेर हा शिक्का पहिल्यांदाच उठत होता. आवक क्रमांक एकशे सतरा. तारीख. सही.

"सोमवारी येजो," निघताना त्या म्हणाल्या.

"पाह्यतो," धम्मदीपा म्हणाली. "आधी तुमी काय करता ते पाह्यतो."

गुरुवारी सकाळी शेषराव सरांनी तो कागद वाचला आणि डोक्याला हात लावला. "भागिरथाताई, हे समितीच्या आधी? सोमवारी नंबर दिला असता तर नसतं चाललं?"

"बुधवारी आला सर. बुधवारचाच नंबर पडते."

"आणि रजिस्टरात लाल रेघा! प्राचार्य मला सोलतील."

"तुमाले कायले? सह्या माह्या हायेत."

शेषराव सर वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला आपण भित्रे आहोत हे ठाऊक असलं की तो कधीकधी बरा वागतो. त्यांनी कागद केंद्राच्या फायलीत लावला. सगळ्यांत वर नाही, पण लावला. संध्याकाळी भागिरथाबाईंनी माळ्याकडून शिडी मागितली आणि फ्लेक्सच्या चारही दोऱ्या स्वतः सोडल्या. प्राचार्यांनी खिडकीतून विचारलं, "अहो, हे काय?" तेव्हा त्या शिडीवरूनच म्हणाल्या, "तक्रार आली सर. आवक नंबर पडला." प्राचार्यांनी खिडकी लावून घेतली. दोन दिवसांवर समिती असताना शिडीवरच्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शनिवारी तीन जणांची समिती आली. दोन पुरुष, एक बाई. त्या मॅडम बाहेरगावच्या, साठीच्या. त्यांनी बाकी सगळं सोडून केंद्राची फाईल ओढली आणि पानं उलटत गेल्या. लाल रेघांपाशी थांबल्या. मग वहीच्या त्या पानापाशी. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"तीन वर्षांत ही एकच तक्रार?"

"विद्यार्थी समाधानी आहेत," प्राचार्य म्हणाले.

"हो, इथे रेघ मारलेल्या समाधानाच्या नोंदी दिसतात मला." मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "या तक्रारीवर काय कारवाई केली?"

 प्राचार्यांनी शेषराव सरांकडे पाहिलं. भागिरथाबाई दारात, पाण्याचा ट्रे घेऊन. त्यांना बोलायचा अधिकार नव्हता. ट्रे मात्र जरा जास्तच घट्ट धरला होता.

शेषराव सर उठले. "फ्लेक्स काढला, मॅडम. जादा वेळेचा अर्ज परीक्षा विभागाला गेला. आणि केंद्र..." त्यांनी दारातल्या भागिरथाबाईंकडे पाहिलं. "केंद्र आजपासून तळमजल्यावर. रॅम्पसमोर. अतिथी कक्षात."

प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. अतिथी कक्षात त्या क्षणी समितीच्या जेवणाची ताटं मांडलेली होती.

"उत्तम," मॅडम म्हणाल्या. "मग लिहून द्या तसं. दाखवा मला."

पुढच्या अर्ध्या तासात जे घडलं ते कॉलेजात अजून सांगतात. वरची टेबलं खाली आली, खालची ताटं वर गेली. वरण, आलू-वांग्याची भाजी, पोळ्यांची परात, जिलेबीचं पातेलं, सगळं चव्वेचाळीस पायऱ्या चढून. समितीही चढली. त्यातले एक सर पंचविसाव्या पायरीवर कठडा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "फार उंच आहे हो हे." प्राचार्य म्हणाले, "हो सर." दुसरं काय म्हणणार.

समितीने शेवटी काय शेरा दिला, ते भागिरथाबाईंना नीटसं कळलं नाही. त्यांना त्याच दिवशी एक मेमो मिळाला: अभिलेखात परस्पर दुरुस्ती का केली, खुलासा करावा. त्यांनी मेमोला आवक क्रमांक दिला, एकशे एकोणीस, आणि खुलासा लिहिला: 'कारण नोंदी खोट्या होत्या.' एवढाच. तो अजून प्राचार्यांच्या टेबलावर आहे.

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजले, पावणेदहा झाले. भागिरथाबाई अतिथी कक्षात, म्हणजे आता केंद्रात, सोफ्याचं प्लास्टिक सोलत बसल्या होत्या. दार उघडं. पाटी कुठे टाकली ते त्यांनाच आठवत नव्हतं. दहाला पाच कमी असताना रॅम्पवर काठी वाजली.

धम्मदीपा दारात उभी राहिली. आत आली नाही. खोली बघितली, सोफा बघितला, भिंतीवरचा कै. उकंडरावांचा फोटो बघितला.

"दहाले पेपर हाये," ती म्हणाली. "घाई हाये मले."

"जाय ना मंग. वर्गात सांगतलं हाये, वीस मिनिटं ज्यादा."

"फ्लेक्स कुठी हाये?"

"माह्या घरी. पलंगाखाली."

"फेकला काहून नाई?"

"तुहं तोंड हाये त्याच्यावर. कचऱ्यात कसं टाकू?"

धम्मदीपाने क्षणभर विचार केला. "घेऊन या उद्या. उलटा करून तुरीवर झाकाले होते. आईची ताडपत्री फाटली." मग ती आत आली, टेबलावरचं नवं रजिस्टर ओढलं आणि उभ्या-उभ्याच आपलं नाव लिहिलं. तारीख, वेळ, सही. शेऱ्याच्या रकान्यात लिहायला तिला जरा वेळ लागला. मग काठी उचलून निघाली. जाताना दाराच्या चौकटीवर एक टक्.

भागिरथाबाईंनी चष्मा लावून वाचलं. शेऱ्यात लिहिलं होतं: 'पेपर झाल्यावर सांगते.'

त्यांनी खाली काही लिहिलं नाही. पेपर सुटून ती येईपर्यंत जागेवरून उठायचं नाही, असं ठरवून प्लास्टिकचा उरलेला तुकडा सोलायला घेतला.